शगुफ्ताबाईंचे जुळलेले कागद

मूल गावाच्या आसपासच्या शाळांत शगुफ्ता शेख या बाईंची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. त्यांचा कागद कधी परत येत नसे. बाकीच्यांचे अहवाल लाल शाईचे गोल मिरवत माघारी यायचे, खुलासे मागवले जायचे, माणसं तोंड पाडून बसायची. शगुफ्ताबाईंचा कागद गेला की गेला. हजेरीपट, भोजनाची वही, मुलांच्या प्रगतीच्या नोंदी, सगळं एकमेकांशी असं जुळलेलं असायचं की तपासायला आलेला साहेब दोन पानं उलटून चहा मागवायचा.

ही कला काही बाई आईच्या पोटातून शिकून आल्या नव्हत्या. नोकरीच्या पहिल्याच वर्षी हजेरीपटात एकतीस पोरं आणि भोजनाच्या वहीत बत्तीस ताटं, अशी नोंद त्यांच्या हातून गेली. कुणाचं तरी धाकटं भावंड येऊन वाटीभर खिचडी खाऊन गेलं होतं, एवढाच काय तो गुन्हा. त्या एका ताटापायी बाईंनी सव्वा वर्ष खुलासे लिहिले. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. एकाच गोष्टीचे दोन कागद वर जाणार असतील, तर ते जाण्याआधी शेजारी ठेवून बघायचे आणि जुळवून घ्यायचे. 'तफावत' या शब्दाची त्यांना भीतीच बसली. स्कूटीच्या वाटेत बिबट आडवा गेला तेव्हासुद्धा त्या इतक्या घाबरल्या नव्हत्या.

बाई विशेष शिक्षिका. ज्या मुलांना शिकायला इतरांपेक्षा जास्त वेळ आणि जास्त हात लागतात, त्यांच्यासाठी गावोगाव फिरणाऱ्या. वय पन्नाशीला टेकलेलं. नवरा मुजफ्फर मूलच्या बाजारात गाड्यांच्या सीटा शिवतो. त्यांच्या घराच्या दर्शनी भिंतीवर एक मोठा फोटो आहे. बाईंच्या खांद्यावर शाल, हातात नारळ, आणि शेजारी नऊ वर्षांची एक मुलगी, दप्तर दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी. मे महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी त्याच फोटोखाली बसून बाई लसूण सोलत होत्या, तेव्हा तो फोन आला.

"ताई, मी धम्मदीप. मूळचा नागभीडचा, आता पुण्याला एका संशोधन गटात काम करतो. तुमच्या चित्रपट्टीच्या अभ्यासाबद्दल बोलायचं होतं."

"काही चुकलं काय?" बाईंचा पहिला प्रश्न. सवयच तशी.

पोरगा हसला. "चुकलं? अहो, तुमचाच तर एक नीट निघाला!"

मग त्याने समजावून सांगितलं. अशा मुलांना चित्रांच्या पट्टीवरून कामं शिकवता येतात का, यावर ठिकठिकाणी जे अभ्यास झाले, ते सगळे त्याच्या गटाने गोळा केले होते. आता प्रत्येक अभ्यास तपासून कोणता किती विश्वासाचा ते ठरवायचं, आणि मग सगळ्यांचं मिळून काय म्हणणं पडतं ते सरकारला कळवायचं. याला ते पुराव्यांचा आढावा म्हणत होते. सत्तावीस अभ्यास सापडले, त्यातले बहुतेक कच्चे. कुठे ज्याने शिकवलं त्यानेच बघितलं आणि त्यानेच गुण दिले. कुठे निम्मी मुलं मध्येच गायब.

"तुमच्याकडे मात्र दोन निरीक्षक, वेगवेगळे बसलेले," धम्मदीप म्हणाला, "अन् बहात्तर नोंदींपैकी एकाहत्तर सारख्या. इतकं जुळलेलं आम्ही दुसरं कुठं पाहिलं नाई, ताई. मूळ कागद तुमच्यापाशी असतील तर मोबाइलवर फोटो पाठवा. रीत म्हणून फक्त. सोमवारी आमचं गुण देणं बंद होतं."

"अन् मग पुढं?"

"पुढं शिफारस होईल. पट्टी नीट शिकवली तर बारा आठवड्यांनी मुलाला मदतनीस लागत नाही, अशी. तुमच्या अभ्यासाचं वजन सगळ्यात जास्त धरतील. आपल्या भागाचं नाव होईल, ताई."

बाईंनी फोन ठेवला. लसणाच्या पाकळ्या तशाच मांडीवर राहिल्या. चांगली बातमी ऐकून माणसाचा चेहरा खुलतो, बाईंचा उतरला. कारण ते एकाहत्तर कसे झाले, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं.

सात वर्षांपूर्वी नागपूरहून एक संशोधक मॅडम आल्या होत्या. शांत बाई, बोलताना समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणारी. बौद्धिक अक्षमता असलेल्या एका मुलीवर त्यांना अभ्यास करायचा होता. ती मुलगी संघप्रिया. मूलपासून बारा किलोमीटरवरच्या, जंगलाला लागून असलेल्या गावातली. बोलणं चारपाच शब्दांचं, हसणं मात्र भरपूर. तिने रोज सकाळी आपलं आपण तयार व्हावं, एवढंच शिकवायचं होतं. ताटात सहा वस्तू: कंगवा, रुमाल, डबा, पाण्याची बाटली, पाटी, वही. भिंतीवर सहा चित्रांची पट्टी. पट्टीतलं चित्र बघायचं, ताटातली ती वस्तू उचलायची, केस विंचरायचे, डबा उघडून खायचा, उरलेलं दप्तरात भरायचं. आधी काही आठवडे नुसतं बघायचं, मग हाताला धरून शिकवायचं, मग हळूहळू हात काढून घ्यायचा. शेवटचे चार आठवडे, आठवड्यातून तीनदा, तिला एकटीला करू द्यायचं आणि दोघांनी बघून लिहायचं: स्वतः केलं तर 'स्व', मदतीने केलं तर 'म'.

त्या दोघांतल्या एक शगुफ्ताबाई. दुसरा धनराज, शाळेतला मदतनीस. दहावी नापास, पण मुलांना उचलणं, धुणं-पुसणं, भरवणं, सगळं मायेनं करणारा माणूस. मॅडमने दोघांना बजावलं, "एकमेकांचा कागद बघायचा नाही. तुम्हाला जे दिसेल ते तुम्ही लिहा, त्यांना दिसेल ते ते लिहितील."

बाईंनी मान डोलावली. वर्गात त्यांनी धनराजच्या कागदाकडे ढुंकूनसुद्धा बघितलं नाही. पण शनिवारी शाळा सुटल्यावर चहाच्या कपाशेजारी दोन्ही कागद ठेवले, कारण पाठवण्याआधी जुळवून बघायचं असतं हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. मॅडमने वर्गात बघायला मनाई केली होती, चहा पिताना नव्हे, असा त्यांचा हिशेब. आणि कागद बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांच्याकडे सगळे 'स्व'. धनराजच्या कागदावर निम्म्याहून जास्त 'म'.

"धनराजभाऊ, हे काय लिहून ठेवलं? पोरगी आपल्या हातानं करून राह्यली ना!"

"हातानं तीच करते, बाई," धनराज म्हणाला. मग जरा घुटमळून, "पण आधी तुमच्याकडे पाह्यते. डब्याची पाळी असली की तुमी डब्याकडे पाह्यता. तुमी पाह्यलं की ती उचलते."

"मी कशाले पाहीन?"

"तुमाले कळत नसंल. पण पाह्यता."

आता खरं सांगायचं तर बाईंना त्याच क्षणी राग आला, आणि राग येतो तो बहुधा नेम बरोबर लागल्यावर. वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला दहावी नापास मदतनीसाने सांगायचं की तुमचे डोळे उत्तर फोडतात! त्यांनी पर्समधून खोडरबर काढून त्याच्यापुढे ठेवला. नोंदी पेन्सिलीनेच करायच्या होत्या, ही एक सोयच झाली.

"दोन कागदांत तफावत दिसली तर नोटीस मले येईल अन् नोकरी तुमची जाईल. पुसा."

धनराजने एकेक 'म' पुसला, फुंकर मारून रबराचा चुरा उडवला आणि एकेक 'स्व' लिहिला. पुढच्या शनिवारीही तेच. एक 'म' तेवढा नजरेतून सुटला आणि तसाच नागपूरला गेला. बाई महिनाभर त्या एका 'म'ची नोटीस येईल म्हणून जीव मुठीत धरून होत्या. आलं ते अभिनंदनाचं पत्र.

पुढे तो अभ्यास छापून आला. जिल्ह्याला कार्यक्रम झाला. स्टेजवर टेबल मांडलं, संघप्रियाने सगळ्यांसमोर दप्तर भरलं, समोर तीन हातांवर शगुफ्ताबाई उभ्या होत्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलीची आई सत्यशीला निळं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती, ती पदर तोंडाला लावून रडली. आणि वर्षाच्या आत वरून हुकूम आला की ज्या मुलांना चित्रपट्टी दिली आहे त्यांच्यासाठी वेगळा मदतनीस नको. धनराजचं कंत्राट संपलं ते पुन्हा झालं नाही.

हे सगळं आठवत बाईंनी कपाटावरची पत्र्याची पेटी खाली काढली. कागद होते. मॅडमने पुढच्या वर्षी मूळ प्रती परत पाठवल्या होत्या, आणि बाई कागद फेकणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी बाराही बैठकींचे कागद पलंगावर मांडले, मोबाइल वर धरला आणि फोटो काढले. फोटोत कागद कसे स्वच्छ दिसत होते. 'स्व', 'स्व', 'स्व'. त्यांनी ते धम्मदीपला पाठवूनही दिले. हो, पाठवले. शरम वाटते म्हणून माणूस लगेच शहाण्यासारखा वागतो असं थोडंच आहे? दहा मिनिटांत उत्तर आलं, दोन्ही हात जोडलेलं चित्र आणि खाली: 'आभार ताई. सर्वात वरचा दर्जा.'

मग त्या कागद गोळा करायला गेल्या. खिडकीतून ऊन आडवं पडत होतं आणि धनराजचा एक कागद नेमका त्या उन्हात तिरका झाला. कितीतरी 'स्व'च्या खाली एकेक खाच दिसत होती. धनराज पेन्सिल दाबून लिहायचा, कमी लिहिणारी माणसं लिहितात तसं. शिसं पुसलं गेलं होतं, दाब राहिला होता. बाईंनी बोट फिरवलं तर बोटालाही 'म' लागला.

त्यांनी खिडकीत उभं राहून ते मोजले. पहिल्या सहा कागदांवर छत्तीस नोंदी आणि त्यात तेवीस 'म'. पुढच्या सहा कागदांवर मात्र काही नव्हतं, एकही खाच नाही. सुरुवातीला बाईंना हायसं वाटलं, की पुढे पुढे मुलीला येऊ लागलं होतं तर. आणि मग लख्खकन कळलं. मुलीला आलं नव्हतं. धनराज शहाणा झाला होता. पुसायचंच आहे तर लिहा कशाला, म्हणून त्याने 'म' लिहिणंच सोडलं होतं. त्याच्यासारख्या सरळ माणसाला दोन आठवड्यांत खोटं लिहायला आपण शिकवलं, आणि तेवढं एकच शिकवणं आपलं खरोखर यशस्वी झालं, हे कळल्यावर बाई पलंगाच्या कडेला बसल्या आणि त्यांना स्वतःची किळस आली. भिंतीवरच्या फोटोकडे बघवेना. त्यांनी उठून तो उलटा करून ठेवला. मुजफ्फर जेवायला आला, उलट्या फोटोकडे बघितलं, बायकोच्या तोंडाकडे बघितलं, आणि जेवून गेला.

शनिवारी सकाळी त्या राईस मिलवर गेल्या. धनराज तिथे पोत्यांची तोंडं शिवत होता. कोंड्याने भुवया पांढऱ्या झालेल्या. बाईंना बघून त्याने दाभण पोत्यात खोचलं आणि गमछ्याने एक स्टूल पुसलं.

"बसा, बाई. तब्बेत गिब्बेत बरी आहे ना?"

बाई बसल्या नाहीत. पुण्याच्या पोराचा फोन त्यांनी उभ्याउभ्याच सांगितला. पिशवीतून त्याचा कागद काढून त्यांनी उन्हात तिरका धरला. धनराजने डोळे बारीक करून बघितलं आणि आपल्याच अक्षराला ओळख दिल्यासारखा हसला.

"अजून दिसते काय ते?"

"भाऊ, तुमचं बरोबर होतं. मले तेव्हाच कळलं होतं. कळूनही मी..." बाईंनी कागदावरच्या खाचांवर बोट ठेवलं.

धनराजने गमछ्याने भुवयांवरचा कोंडा पुसला. मागे मिल धडधडत होती. "माझी नोकरी गेली त्याचं मले वाईट वाटलं, खोटं कशाले बोलू. मदतनीस लागते असं लिहिलं होतं मी, अन् माझ्याच हातानं पुसलं. घरी कोणाले सांगू बी नाई शकलो. लोक हसले असते." त्याने दाभण पुन्हा हातात घेतलं. "पण मी पोती शिवून खाऊन राह्यलो, माझं चाललं. तुमी त्या पोरीकडे गेल्या होत्या काय कधी, नंतर?"

बाई गेल्या नव्हत्या. दुसऱ्या शाळा मिळाल्या, दुसरी मुलं आली. खरं म्हणजे वाट त्या गावाकडे वळायची तिथे स्कूटी आपोआप सरळ जायची.

"मंग आधी तिच्या मायले सांगा," धनराज म्हणाला. "पुण्याच्या पोराले मागून."

रविवारी दहाच्या सुमारास बाई त्या गावात पोचल्या. तेंदूपत्त्याचे, म्हणजे बिडीच्या पानांच्या तोडणीचे दिवस. गाव पहाटे चारला जंगलात जाऊन नुकतंच परतलेलं, अंगणाअंगणांत हिरव्या पानांचे ढीग आणि पुडे बांधणारे हात. सत्यशीला आंब्याच्या सावलीत बसून पानं जुळवत होती. बाईंना बघून तिचा चेहरा फुलला.

"जय भीम, मॅडम! या, या. संघप्रिया, पाह्य कोण आलं!"

संघप्रिया ओट्यावर बसली होती. सोळा वर्षांची, अंगाने भरलेली, केस विस्कटलेले. तिच्यामागे भिंतीवर तीच पट्टी, प्लास्टिक पिवळं पडलेलं, कोपरे खिळ्यांनी ठोकलेले. पट्टीखाली ताट, ताटात कंगवा, बाटली, डबा. डब्याचं झाकण बंद होतं. तिने बाईंना ओळखलं आणि तोंडभर हसली.

"जेवली नाई काय ही?" बाईंनी विचारलं.

"कुठची जेवते!" सत्यशीलाच्या हातातलं पान थांबलं आणि आवाज चढला. "चार वाजता मी जाते जंगलात. डबा भरून ताटात ठेवते, कंगवा ठेवते. समोर पट्टी आहे. सगळं येते तिले, दुनियेनं पाह्यलं स्टेजवर. पण मी घरी नसली की बसून राह्यते डब्याकडे पाह्यत. उपाशी. मी आली की मंग रडते. आळशी झाली, मॅडम, निव्वळ आळशी. माझ्यावरच खार आहे तिचा. सात साल झाले, रोजचंच आहे हे. बोलून पाह्यलं, मारून पाह्यलं. काल तर तेंदूच्या फोकानं हाणली मी तिले. काऊन करत असंल ती असं? तुमीच सांगा तिले."

शगुफ्ताबाईंना जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांना वाटलं होतं आपण एक कागद बिघडवला. मुलीच्या दंडावर काल उठलेला वळ होता, तांबडा, अजून ताजा.

"सत्यशीलाबाई, तिचा काई दोष नाई," त्या कशाबशा म्हणाल्या. "तिले येत नव्हतं."

"येत कसं नव्हतं? थांबा, तुमच्यासमोर करते का नाई पाहा."

ती तरातरा उठली. रुमाल, पाटी आणि वही आणून ताटात टाकली, ताट ओट्यावर मधोमध ठेवलं. संघप्रिया सरसावून बसली. पट्टीकडे तिने बघितलंही नाही. तिने बघितलं बाईंच्या डोळ्यांत. आणि बाईंना कळलंही नाही, पण त्यांचे डोळे कंगव्याकडे गेले असणार, कारण मुलीने कंगवा उचलून केसांतून फिरवला. मग रुमाल. मग डबा. झाकण उघडून ती भाकरी खायला लागली, भुकेली होती ती, दोन्ही गाल भरून.

"पाह्यलं?" सत्यशीला जवळजवळ ओरडली. "तुमी आल्या की बरोबर येते! माझ्यासमोरच नाटक!"

बाईंनी ओढणी डोक्यावरून पुढे ओढली आणि पूर्ण चेहरा झाकून घेतला.

 ओढणीच्या आत बाईंना आपलाच श्वास ऐकू येत होता. घास संपला. बाटलीची पाळी होती. हात पुढे झाला तशी बांगडी वाजली आणि मग काहीच वाजलं नाही. सत्यशीला बघत होती. मुलीचा हात ताटावर तसाच थांबला होता, बाटली, पाटी, वही यांच्या वर, आणि ती झाकलेल्या चेहऱ्याकडे टक लावून बसली होती. बराच वेळ तो हात खाली आला नाही.

मग संघप्रिया उठली. बाईंसमोर उकिडवी बसली आणि दोन बोटांनी अलगद ओढणी वर केली, लहान बाळाशी खेळतात तशी. डोळे दिसल्यावर खुदकन हसली आणि मागे वळून बरोबर बाटली उचलली.

सत्यशीला बाईंच्या डोळ्यांकडे बघत खाली बसली.

"मीच सांगत होती तिले," शगुफ्ताबाई म्हणाल्या. "डोळ्यानं. तेव्हाही, स्टेजवरही. धनराजभाऊनं पाह्यलं होतं, लिहिलंही होतं. मी त्याले पुसायले लावलं."

"म्हणजे कोणी समोर बसून दाखवलं असतं..."

"तर जेवली असती. रोज."

सत्यशीलाने मुलीकडे बघितलं, त्या दंडाकडे बघितलं. ती रडेल असं बाईंना वाटलं, शिव्या देईल असं वाटलं, आणि दिल्या असत्या तर बरंच झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "हे कोणाले सांगणार आहे तुमी?"

"पुण्याला एक जण आहे. तो उद्या लिहून पाठवणार आहे की अशा पोरांना माणूस लागत नाई."

"लावा फोन. माझ्यासमोर लावा."

बाईंनी फोन लावला आणि तिच्या सांगण्यावरून आवाज मोठा केला. धम्मदीप उत्साहाने बोलू लागला, त्याला मध्येच तोडून त्यांनी सगळं सांगितलं. पहिला शनिवार, चहा, खोडरबर, तेवीस 'म', आणि पुढचे कोरे कागद. काही झाकलं नाही. पलीकडे पेन चालल्याचा आवाज आला आणि थांबला.

"ताई," धम्मदीप हळू आवाजात म्हणाला, "मग तुमचा अभ्यास आम्हाला काढून टाकावा लागेल. नोंदीत तुमचं नाव येईल. पण मला एक नीट सांगा. मुलीला येत होतं, की नव्हतं?"

बाईंनी सत्यशीलाकडे बघितलं. सत्यशीलाने हात लांब करून फोन आपल्याकडे घेतला.

"येत नव्हतं, भाऊ," ती म्हणाली. "मी तिची माय बोलून राह्यली. तिले येत नव्हतं, अन् येते म्हणून मी तिले सात साल मारलं. तेही लिहा."

शगुफ्ताबाई मान खाली घालून बसल्या होत्या. संघप्रियाच्या हातात बाटली तशीच होती. आता पाटी की वही, हे तिला कळत नव्हतं, म्हणून ती वाकून, आणखी वाकून, त्यांचे डोळे शोधत होती.